एकट्याचे बळ आणि चौघांचे बळ

कोलशेतला आम्ही राहतो त्या इमारतीच्या जिन्यात रोज संध्याकाळी पाच-सहा मुले पायऱ्यांवर बसलेली असतात. माना खाली, हातात मोबाईल, आणि वीतभर अंतरावर बसलेल्या मित्राला ओरडून सांगणे चालू असते, "डावीकडे ये! अरे, डावीकडे!" जिना उतरताना त्यांच्या पायांतून वाट काढावी लागते. गेल्या महिन्यात त्यांच्यातला नववीतला एक मुलगा इतरांपासून दूर, अगदी खालच्या पायरीवर एकटाच बसलेला दिसला. विचारले तेव्हा म्हणाला, "काका, त्यांनी मला स्क्वॉडमधून काढलं. माझे किल कमी पडतात म्हणे. आता मी एकटाच खेळतो. पण समोरून चौघं येतात आणि दोन सेकंदांत मला मारतात. मला जमतच नाही."

'मला जमत नाही' हे वाक्य आम्हा शिक्षकांच्या फार ओळखीचे आहे. ते कानावर आले की मी आधी गणित तपासतो आणि मग मुलाकडे वळतो. तेव्हा मित्रहो, चला, या मुलाचे गणित तपासू या.

ज्या शिक्षकांना हा खेळ ठाऊक नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. खेळाचे नाव बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया. त्याचा थोरला भाऊ पब्जी मोबाईल २०१८ साली आला, सप्टेंबर २०२० मध्ये भारत सरकारने त्यावर बंदी घातली, आणि जुलै २०२१ मध्ये हा भारतीय अवतार सुरू झाला. साधारण शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, हत्यारे शोधतात, एकमेकांना बाद करतात. शेवटी जो उरेल तो जिंकला. एकट्याने खेळता येते, जोडीने खेळता येते किंवा चौघांचा गट करूनही खेळता येते. चौघांच्या सामन्यात एकट्याने उतरण्याचीही मुभा आहे, आणि आमच्या या मित्राने नेमके तेच केले होते. बंदुकांचे खेळ मला स्वतःला फारसे आवडत नाहीत. पण त्यात दडलेले गणित मात्र सुरेख आहे.

हिशेब सोपा व्हावा म्हणून आपण काही आकडे मनाने घेऊ. समजा, प्रत्येक खेळाडूची 'प्राणशक्ती' १०० आहे आणि प्रत्येकाची बंदूक समोरच्याची प्राणशक्ती सेकंदाला १० या वेगाने कमी करते. सगळे सारखेच तरबेज. एकास एक असा सामना झाला तर दोघेही दहा सेकंद टिकतील.

आता एकासमोर चौघे उभे करा. चार बंदुका मिळून सेकंदाला ४० प्राणशक्ती काढून घेतात. आपला गडी अडीच सेकंदांत आडवा. तेवढ्या वेळात त्याने समोरच्या एकाचे २५ कमी केले. चौघांपैकी एकही पडला नाही! चौघांची मिळून ४०० प्राणशक्ती होती, ती ३७५ उरली. तेव्हा मुलाने 'दोन सेकंदांत मारतात' म्हणून जी तक्रार केली, ती अगदी शास्त्रशुद्ध होती.

बरे, या चौघांना एकट्याने पाडायचे असेल तर तो इतरांच्या किती पट तरबेज हवा? बहुतेक जण पटकन 'चौपट' असे उत्तर देतात. करून पाहू. समजा, त्याची बंदूक दहापट वेगाने काम करते, म्हणजे सेकंदाला १००. पहिल्या सेकंदात त्याने एकाला पाडले. पण त्या सेकंदात चौघांनी त्याचे ४० घेतले. दुसऱ्या सेकंदात उरलेल्या तिघांनी ३० घेतले, तिसऱ्यात दोघांनी २०, चौथ्यात शेवटच्याने १०. एकूण १००. म्हणजे चौथा शत्रू पडला त्याच क्षणी आपला वीरही पडला. दहापट कसब असूनही सामना बरोबरीत सुटला! ४ + ३ + २ + १ = १० ही त्रिकोणी संख्या तुम्ही ओळखली असेलच.

असे का व्हावे? एकट्यावर दोन संकटे एकदम येतात. त्याच्या अंगावर चार बंदुका रोखलेल्या असतात, हे पहिले. आणि त्याची स्वतःची एकच बंदूक चौघांमध्ये वाटली जाते, हे दुसरे. ही दोन संकटे बेरजेने वाढत नाहीत. त्यांचा गुणाकार होतो. म्हणून चौघांचे बळ एकट्याच्या चौपट नसते, त्याहून कितीतरी अधिक असते.

हा गुणाकार पहिल्या महायुद्धाच्या काळात एका इंग्रज अभियंत्याने मांडला. त्याचे नाव फ्रेडरिक लँचेस्टर. हा मूळचा मोटारी बनवणारा माणूस, पण विमानांचाही त्याला नाद होता. आकाशातल्या लढाईत किती विमाने एकत्र पाठवावीत या प्रश्नाचा विचार करताना त्याला जो नियम सापडला, तो त्याच्या १९१६ सालच्या पुस्तकात आहे. मिखाईल ओसिपोव्ह या रशियन लेखकानेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे असाच विचार मांडला होता. नियम असा: सगळ्यांना एकाच वेळी सगळ्यांवर मारा करता येत असेल, तर गटाचे बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

आपण वर दहा हा आकडा काढला आणि चारचा वर्ग तर सोळा, मग हे कसे, असे चाणाक्ष वाचक विचारील. लँचेस्टरचा हिशेब मोठ्या सैन्यांसाठी आहे. माणसे पडतात तसतसा माराही हळूहळू कमी होत जातो असे त्यात धरले आहे. आपला एकटा गडी अर्धा घायाळ झाला तरी त्याची बंदूक पूर्ण वेगाने चालते, म्हणून त्याला थोडी सवलत मिळते. संख्या मोठ्या घेतल्या की नियम स्वच्छ दिसतो.

समजा, ५०० जणांची ४०० जणांशी लढाई झाली. चारशे संपेपर्यंत पाचशेंपैकी किती उरतील? शंभर? नाही. ५०० चा वर्ग वजा ४०० चा वर्ग, आणि त्याचे वर्गमूळ: ३००! होय, हा तोच पायथागोरसचा ३-४-५ चा काटकोन त्रिकोण. आणि हाच त्रिकोण आणखी एक गोष्ट सांगतो. शत्रूकडे सातशे माणसे आहेत, पण आधी तीनशे आली आणि ती संपल्यावर चारशे आली. तीनशेंना संपवताना पाचशेंपैकी चारशे उरतील, आणि मग चारशेंना चारशे. म्हणजे विखुरलेले सातशे हे एकत्र असलेल्या पाचशेंच्या बरोबरीचे!

लँचेस्टरने याचे उदाहरण इतिहासातून घेतले होते. ऑक्टोबर १८०५ मध्ये ट्रफाल्गरच्या लढाईपूर्वी ॲडमिरल नेल्सनने जो बेत आखला, त्यात आपली ४० जहाजे आणि शत्रूची ४६ असा अंदाज धरला होता. वर्ग करा: १६०० विरुद्ध २११६. सरळ लढलो तर हरलो. नेल्सनचा बेत असा की शत्रूची रांग मध्ये तोडायची, आपल्या ३२ जहाजांनी तिचा एक अर्धा भाग, म्हणजे २३ जहाजे, घेरायची आणि उरलेल्या आठांनी दुसऱ्या २३ ना नुसते अडवून धरायचे. आता शत्रूचे बळ झाले २३ चा वर्ग अधिक २३ चा वर्ग, म्हणजे १०५८. नेल्सनचे ३२ चा वर्ग अधिक ८ चा वर्ग, म्हणजे १०८८. पारडे फिरले! प्रत्यक्ष लढाईत दोन्हीकडची जहाजे याहून कमी होती. पण बेतामागचे गणित तेच.

आता आपल्या जिन्यात परत येऊ. ज्या चौघांनी आमच्या मित्राला काढून टाकले त्यांचा खेळ मी दोन-तीन संध्याकाळी मागे उभा राहून पाहिला. (त्यांना ते फारसे रुचले नाही.) बेटावर उतरल्या उतरल्या ते चार दिशांना पांगत. प्रत्येकाला आपल्या नावावर बळी हवा. मग एक जण शत्रूच्या गटासमोर सापडे, अडीच सेकंदांत पडे; त्याच्या हाका ऐकून दुसरा धावे, तोही पडे; मग तिसरा. आपल्याच आकड्यांनी हिशेब करा. एकेक करून आलेल्या चौघांनी प्रत्येकी २५ असे एकूण १०० चे नुकसान केले, म्हणजे जास्तीत जास्त एक शत्रू पडला. हेच चौघे एकदम आले असते तर सामना बरोबरीचा झाला असता. नावाला हा गट होता. गणिताच्या दृष्टीने ते चार एकटे होते.

तर मग एकट्याने खेळूच नये का? थांबा. लँचेस्टरच्या नियमातली अट पुन्हा वाचा: 'सगळ्यांना एकाच वेळी सगळ्यांवर मारा करता येत असेल तर'. ही अट मोडता आली तर वर्गाचा नियमही मोडतो.

समजा, आपला एकटा गडी उघड्या मैदानात न थांबता एका अरुंद जिन्याच्या टोकाशी उभा राहिला. जिन्यातून एका वेळी एकच माणूस पुढे येऊ शकतो. चौघे आले आहेत, पण मारा एकाच बंदुकीचा आहे. मागचे तिघे वाट पाहत आहेत. आता त्याला किती पट कसब लागेल? चौपट वेगाने तो प्रत्येकाला अडीच सेकंदांत पाडतो, आणि तेवढ्यात प्रत्येक जण त्याचे २५ घेतो. चार वेळा २५ म्हणजे १००. बरोबरी! दहापटीवरून आपण चौपटीवर आलो, आणि तेही फक्त जागा बदलून. दोन शत्रूंच्या मध्ये मलमपट्टी करण्याइतकी उसंत मिळाली तर काय होईल? मग प्रत्येक सामना नव्याने एकास एक होतो आणि इतरांहून थोडेसे सरस असणेही पुरते.

मराठी वाचकाला हे गणित नवीन वाटू नये. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना बाजीप्रभू देशपांडे पाठलाग करणाऱ्या सैन्याला तोंड द्यायला उभे राहिले, ते घोडखिंडीत. तीच आजची पावनखिंड. परंपरा त्यांच्याबरोबरच्या मावळ्यांचा आकडा तीनशे सांगते. उघड्या माळावर तीनशेंना हजारोंसमोर उभे करणे म्हणजे वर्गाच्या नियमाच्या तोंडी देणे. खिंडीत मात्र समोरच्या हजारांपैकी पुढच्या रांगेतले मोजकेच लढू शकतात, बाकीचे त्यांच्या पाठी पाहत उभे. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १६६१ मध्ये, खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या मोठ्या फौजेला अरण्यातल्या चिंचोळ्या वाटेवर गाठले. लांबच लांब ताणली गेलेली फौज आपली सगळी हत्यारे एकदम वापरूच शकत नाही. त्या काळी लँचेस्टरचे समीकरण कोणी लिहिलेले नव्हते, पण भूगोलाचा गणितासाठी उपयोग कसा करावा हे सह्याद्रीत राहणाऱ्यांना पुरते ठाऊक होते.

म्हणजे एकट्याने खेळणे आणि गटाने खेळणे ही दोन वेगळी शास्त्रे आहेत. एकट्याचे शास्त्र भूमितीचे: कोपरा, दरवाजा, जिना, भिंत. गटाचे शास्त्र वेळेचे: चौघांनी एकाच सेकंदाला एकाच जागी असणे. आमचा मित्र एकटा उतरत होता, पण लढत होता गटाच्या पद्धतीने, उघड्या माळावर.

गटाची बाजू मात्र मी अजून फारच सुंदर रंगवली आहे. चार माणसे एकत्र आली की चार माणसांचे काम होते असे आपण धरून चाललो. ते खरे आहे का? मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच शेतकी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून हे मोजले. त्याचे निष्कर्ष १९१३ साली छापले गेले. एकट्या माणसाची ओढ १०० धरली तर दोघे मिळून २०० च्या ९३ टक्केच ओढत. चौघे असले की ७७ टक्के, आणि आठ जण असले की जेमतेम ४९ टक्के. आठ माणसे चार माणसांइतकीच ओढत होती!

याची कारणे दोन. सगळ्यांचा जोर एका क्षणी, एका दिशेने लागत नाही, हे एक. दुसरे म्हणजे, इतर ओढताहेतच म्हटल्यावर आपला हात जरा सैल पडतो. ही दोन कारणे वेगळी कशी काढणार? १९७४ साली अमेरिकेत ॲलन इंगॅम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक नामी युक्ती केली. डोळे बांधलेल्या माणसाला सांगितले की तुझ्या मागे आणखी लोक दोर धरून आहेत. प्रत्यक्षात मागचे कोणीच ओढत नव्हते, म्हणजे ताळमेळ चुकण्याचा प्रश्नच नाही. तरीही माणसाचा जोर कमी पडला! हात खरोखरच सैल पडतो, हे सिद्ध झाले.

ऑनलाइन खेळात यावर एक उपाय योजलेला दिसतो. प्रत्येकाच्या नावापुढे त्याचे बळी मोजून दाखवतात. आकडा दिसत असला की कोणी हात सैल सोडत नाही. पण औषधच बाधले. आकडा एकेकट्याचा असल्यामुळे प्रत्येक जण आपापला बळी शोधायला पांगतो, आणि वर्गाचा फायदा हातचा जातो. आमच्या कबड्डीचे नियम करणाऱ्यांनी अधिक शहाणपण दाखवले आहे असे माझे मत. प्रो कबड्डीत बचावाला तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना त्यांनी चढाई करणाऱ्याला पकडले, तर त्या संघाला एक गुण जादा मिळतो. संख्या घटली की बळ त्याहून जास्त घटते, हे त्या नियमाने मान्य केले आहे, आणि गुण मिळतो तोही संघाला.

आता त्या 'किल कमी पडतात' या आरोपाचे काय? मी मुलाला विचारले, तू गटात असताना काय करायचास? म्हणाला, "कोणी पडलं की मी त्याला उठवायचो." या खेळात गटातला गडी पडला की लगेच बाद होत नाही, साथीदाराने वेळेत येऊन काही सेकंद थांबून त्याला उठवले तर तो पुन्हा लढू लागतो. हिशेब करू या. दोन्हीकडे तिघे-तिघे उरले आहेत. तुम्ही एक शत्रू पाडला: तीन विरुद्ध दोन, ९ विरुद्ध ४. लँचेस्टरच्या हिशेबाने शेवटी तुमच्याकडे ५ च्या वर्गमूळाइतके, म्हणजे साधारण २.२ गडी उरतील. त्याऐवजी तुम्ही आपला एक पडलेला साथीदार उठवला: चार विरुद्ध तीन, १६ विरुद्ध ९. उरतील ७ च्या वर्गमूळाइतके, साधारण २.६. इतक्या लहान संख्यांना हा नियम ताणून लावतो आहे, आणि उठवणाऱ्याची बंदूक तेवढा वेळ गप्प असते, हे खरे. तरीसुद्धा उठवणारा हात पाडणाऱ्या हातापेक्षा कमी मोलाचा ठरत नाही. जिन्यातल्या पोरांच्या तोंडी मात्र पहिलाच आकडा असतो. दुसरा कोणी उच्चारतही नाही.

इंटरनेटचाही एक लहानसा हिशेब यात आहे. समजा, प्रत्येकाचे नेट दहापैकी नऊ वेळा ठीक चालते. एकट्याने खेळणाऱ्याला दहात नऊ वेळा अडचण नाही. पण चौघांचे नेट एकाच वेळी ठीक असण्याची शक्यता ०.९ चा चतुर्घात, म्हणजे सुमारे ०.६६. दर तीन सामन्यांमागे एकात कोणी ना कोणी अडखळणार. आणि अडखळणाऱ्यावर बाकीचे तिघे ओरडणार, हे सांगायला गणित लागत नाही.

तरीही असंख्य लोक अशा गर्दीच्या खेळात एकटेच का उतरतात? हा प्रश्नही तसा जुना आहे. पुष्कळ जणांनी दुरून एकाच जगात खेळायचे या प्रकारातला एक आरंभीचा खेळ १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी रचला; त्यांच्या 'मड' या खेळात चित्रे नव्हती, नुसती अक्षरे होती. पुढे २००४ साली 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा प्रचंड खेळ आला. अमेरिकेतल्या पालो आल्टो येथील संशोधकांनी त्यातल्या खेळाडूंच्या हालचालींची नोंद ठेवली आणि २००६ साली निष्कर्ष मांडले. लोक गटासाठी म्हणून येतात अशी समजूत होती. पण पुष्कळ खेळाडू बराचसा वेळ एकटेच वावरत असल्याचे दिसले. मग इतरांचा उपयोग काय? इतर असतात प्रेक्षक म्हणून, सोबतीची जाग म्हणून, आणि गंमत पाहायला मिळावी म्हणून. हे ऐकून तुम्हाला अभ्यासिका आठवली का? घरी टेबल-खुर्ची असताना आपण परीक्षेच्या दिवसांत अभ्यासिकेत जातो. तिथे कोणाशी बोलत नाही, वाचतो एकटेच. पण शेजारी वीस माना खाली झुकलेल्या असतात, त्याने फरक पडतो.

वर्गाचा नियम तुम्हाला मोबाईलशिवायही पडताळता येईल. वीस चिंचोके आणि एक फासा घ्या. एका बाजूला दहा चिंचोके ठेवा, दुसऱ्या बाजूचे दहा पाच-पाचच्या दोन ढिगांत वाटा. आधी दहांची लढाई पहिल्या पाचांशी. प्रत्येक फेरीत दोन्हीकडच्या प्रत्येक चिंचोक्यासाठी एकदा फासा टाका. सहा पडला की समोरचा एक चिंचोका बाद. दोन्ही बाजूंचे फासे टाकून झाल्यावरच बाद झालेले चिंचोके उचला. पहिला ढीग संपला की उरलेल्यांची गाठ दुसऱ्या ढिगाशी घाला. १०० वजा २५ वजा २५, म्हणजे ५०. त्याचे वर्गमूळ साधारण ७. दर वेळी बरोबर सातच उरतील असे नाही. निदान वीस वेळा खेळून सरासरी काढा. मग खिंड करा: दोन्ही बाजूंच्या फक्त पुढच्या दोन-दोन चिंचोक्यांनाच फासा टाकू द्या, बाकीचे मागे उभे. आता दोन्हीकडची हानी सारख्याच वेगाने होते. दहा आणि पाच-पाच यांची जवळजवळ बरोबरी झाली पाहिजे.

हा प्रयोग मी त्या मुलाला करायला सांगितला. आईकडून चिंचोके मागून आणून तो दोन दिवस जिन्यात फासे टाकत बसला होता. तिसऱ्या दिवशी खाली उतरलो तेव्हा त्याच्या समोर त्या चौघांतले दोघे बसले होते, आणि खिंड दोन चिंचोक्यांची असावी की तीन, यावर त्यांचे जोरात भांडण चालले होते.